हरलेल्यांची बारी

यंदाची लाकूप सुरू झाली ती मला आवाजावरून कळली. व्हाकोआतल्या आमच्या घराखालच्या वळणावर उसाची लॉरी गिअर बदलते, तेव्हा तिच्या मागच्या साखळ्या फळीवर आपटतात. अर्धं वर्ष हा आवाज नसतो. मग जूनच्या अखेरीला, आमच्या इथल्या थंडीच्या दिवसांत, झिमझिम चालू असताना एका सकाळी चहा गाळता गाळता तो येतो आणि माझा हात जागच्या जागी थांबतो. लाकूप म्हणजे ऊसतोडणीचा हंगाम. शब्द क्रेओलमधला, ह्या बेटावरच्या फ्रेंच वळणाच्या बोलीतला, पण कोकणातून इथं आलेल्या पणजोबांच्या काळापासून आमच्या बोलण्यात असा मुरलेला की तो परका आहे हेच मला शाळेत शिक्षिका झाल्यावर उमगलं.

मुलं म्हणतात, आई, तू ह्या दिवसांत चिडचिडी होतेस. मी चिडचिडी होत नाही. मला नुसतं बसवत नाही. बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप वाजू लागतात, आणि एकदा वाजू लागली की मी व्हाकोआत राहत नाही. नुव्हेल फ्रांसला बस बदलून खाली ग्रां बुआला, माझ्या लहानपणच्या गावी, पोचलेली असते. तिथं उसाला तुरे आलेले असतात, साऱ्या रानावर जांभळट-करडी झाक असते, आणि गिरणीच्या बाजूनं वारा सुटला की मळीचा तो गोड, थोडा कुजका वास दारात येऊन उभा राहतो. पर्यटकांना तो वास आवडत नाही. मला अत्तर दिलं तरी त्याच्या बदल्यात घेणार नाही.

पहाटे रुक्मिणीमावशीचं तयार होणं हा आमच्या घरातला सोहळा होता. आई गेल्यावर मला आणि बाजीदादाला ह्या मावशीनंच वाढवलं. ती आधी काकांची जुनी विजार चढवायची, त्यावर साडी खोचायची, हातांत मोज्यांची पुढची टोकं कापून केलेल्या बाह्या घालायची, डोक्याला फडकं आणि फडक्यावर गवती टोपी. उसाचं पान गालावरून ओढलं गेलं तर ब्लेडसारखं कापतं, म्हणून फडक्याचं टोक नाकावरून घेऊन मागं गाठ. एवढं झाल्यावर मावशीचे फक्त डोळे दिसायचे आणि त्या डोळ्यांना मी अख्खी ग्रां बुआ घाबरताना पाहिली आहे. ती मोळ्या उचलणाऱ्या बायांमधली होती. तोडलेला ऊस बांधायचा, डोक्यावर घ्यायचा, फळीवरून चालत लॉरीत टाकायचा. खांद्याजवळ तिची मान एका बाजूला जराशी कलली होती, आणि त्यामुळे ती कायम कुणाचं तरी म्हणणं तपासून पाहते आहे असं वाटायचं.

आमचा गाण्याचा ग्रूप जन्मला तो ह्याच बायांच्या घराघरांतून, गणपतीच्या दिवसांत. ते सत्तरच्या दशकाचे सुरुवातीचे दिवस. सभा भरवायला बंदी होती, पण गणपतीला कुणी बंदी घातली नव्हती. गणपती आला की आमच्याकडे झाकरी होते. कोकणात तिला जाखडी म्हणतात असं मला पुढं पुस्तकांतून कळलं. मध्ये ढोलकी-झांजवाले आणि गाणारा बसतो, भोवती नाचणारे गोल धरतात, सगळ्यांची तोंडं आत. आधी गण होतो, मग गवळण, आणि मग मध्यभागी बसलेला बाजीदादा हळूच तिसरंच काहीतरी सुरू करायचा.

गिरणीत गेला रस सारा, दारी आलं चिपाड,
ऊठ कोयत्या, बोल आता, तोंड तुझं उघड.

आणि 'कोयत्या' ह्या शब्दावर खरे कोयते वाजायचे. झांजा एकच जोडी होती, म्हणून मी आणि शेजारची पोरं घरातले कोयतेच एकमेकांवर आपटत असू. त्यावरून ग्रूपचं नावही 'कोयता' पडलं. एकदा दोन पोलीस आले, दारात बूट काढून आत बसले, शेवटपर्यंत डोलले आणि लाडू घेऊन गेले. त्यांतल्या एकानं विचारलं, हे शेवटचं गाणं कशाचं? दादा म्हणाला, "देवाचं." एवढं थंड डोक्यानं खोटं बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मग तिझान आला. आमच्या मागच्या गल्लीतला क्रेओल मुलगा. त्याच्या गिटारच्या दोन तारा तुटल्या होत्या आणि त्या जागी त्यानं मासे धरायची दोरी ओढली होती. त्याला मराठी येत नव्हती आणि आम्हाला सूर जुळवणं येत नव्हतं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. ज्या वर्षी कॉलेजातली पोरं वर्ग सोडून रस्त्यावर उतरली, त्या वर्षी आम्ही अंगणांतून बाहेर पडलो. बसथांब्यावर, गिरणीच्या फाटकावर, बाजारात मासळीवाल्यांच्या ओट्यामागं आम्ही गायलो. अर्धं गाणं मराठीत, अर्धं क्रेओलमध्ये, आणि आवाज इतका मोठा की दुसऱ्या दिवशी मला शाळेत वर्गाला खुणेनंच शिकवावं लागायचं.

मागच्या वर्षी दादाचा मुलगा इंग्लंडहून सुटीवर आला, तेव्हा त्यानं आमची एक जुनी कॅसेट ऐकली. ऐकून माझ्याकडं धावत आला. "आत्या, ह्याला तिकडं फोक-पंक म्हणतात! तुम्ही फोक-पंक होता!"

"पंक म्हणजे काय रे?"

"म्हणजे वाजवता येत नसलं तरी मोठ्यानं वाजवायचं आणि वरच्यांना घाबरायचं नाही."

"मग बरोबर आहे," मी म्हटलं. "फक्त तुझ्या बापाला सांगू नकोस. त्याला अजून वाटतं की त्याला वाजवता येत होतं."

हसले खरी, पण मनातून मला मोठा अभिमान वाटला. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, कुठून पाहून घेतलं नव्हतं. गणपती, ऊस आणि तिझानची मासे धरायची दोरी एवढ्या भांडवलावर आम्ही ते उभं केलं होतं.

आता हॉटेलांचं सांगायला हवं. ते लपवण्यात अर्थ नाही आणि त्याची मला फार लाजही वाटत नाही. समुद्रकाठी हॉटेलं उभी राहत होती, त्यांना संध्याकाळी 'इथलं काहीतरी' हवं असायचं, आणि आम्ही इथलेच होतो. आम्हाला न्यायला हॉटेलची बस यायची. फुलाफुलांचे शर्ट मिळाले, मला तसलाच झगा. पहिल्याच दिवशी हॉटेलचा मॅनेजर फार गोड आवाजात दादाला म्हणाला की गोल छान आहे, पण पाहुण्यांना तुमच्या पाठी दिसतात. गोल उघडा. मग आम्ही अर्धगोल करून समुद्राकडं, म्हणजे खुर्च्यांकडं, तोंड करून उभं राहायला लागलो. दुसऱ्या आठवड्यात कोयते गेले. पाहुण्यांतल्या एका बाईला भीती वाटली होती. त्याऐवजी चंदेरी रंग दिलेल्या लाकडी पट्ट्या आल्या.

दादाला सुरुवातीला त्यात गंमत वाटायची. "बघ," तो मला म्हणायचा, "रस पिता पिता रसाचं गानं ऐकतात आणि टाळ्या वाजवतात." पोलिसांना गंडवलं होतं तसं ह्यांनाही गंडवतो आहोत, असा त्याचा आव. पण अंगणात शब्द कळणारी शंभर माणसं असायची आणि न कळणारे दोन पोलीस. इथं सगळेच पोलीस होते. ज्या शब्दांची कुणी वाट पाहत नाही ते शब्द हळूहळू झिजतात. आधी दुसरं कडवं गेलं, मग तिसरं. शेवटी 'कोयत्या कोयत्या हो' एवढंच उरलं आणि त्यावर तिझानची गिटार, जिला आता चांगल्या तारा होत्या. काही वर्षं अशी गेली. आम्ही छान वाजवू लागलो. इतकं छान की गावातल्या गणपतीला आम्हाला वेळच मिळेना.

ऐंशीनंतरच्या एका लाकूपची ही गोष्ट. त्या वर्षी थंडी चिवट होती आणि पाऊस उभा न पडता आडवा येत होता. जमीनदार कंपनीनं, म्हणजे आमच्या बोलीत ताब्लिस्मांनं, एक यंत्र आणलं. पिवळं, मोठ्या चाकांचं, पुढं लोखंडी नांग्या. ते शेतात पडलेला ऊस नांगीत धरायचं आणि उचलून सरळ लॉरीत टाकायचं. ग्रां बुआच्या पोरांनी त्याचं नाव खेकडा ठेवलं. तीन-चार दिवस सगळे कौतुकानं बघायला गेले. मावशीही गेली. येऊन म्हणाली, "चांगलं उचलतं. पन बांधता येत नाय त्याला." पुढच्या आठवड्यात मुकादम आला आणि शेताच्या कडेला उभं राहूनच सांगून गेला की सोमवारपासून मोळीवाल्या बायांनी येऊ नये.

हंगाम अर्धाच झाला होता. आमच्याकडं हंगामातल्या कामावर बाकीचं वर्ष निघतं. मावशीचं असंच निघत आलं होतं, काका गेल्यापासून तर पूर्णच. पण मला वाटतं तिला त्याहून जास्त लागलं ते निरोप देण्याच्या पद्धतीनं. अनेक वर्षं ज्या शेतात तिनं मान वाकवली, त्या शेतातून तिला लांबून हात करून घालवलं होतं. सोमवारी पहाटे ती रोजच्यासारखी विजार, साडी, बाह्या, फडकं असं सगळं चढवून निघाली आणि शेतात न जाता बालांसच्या रस्त्यात जाऊन बसली. बालांस म्हणजे जिथं भरलेल्या लॉऱ्यांचं वजन होतं ती जागा. त्या वजनावाचून एकही लॉरी गिरणीकडं जात नाही. दुपारपर्यंत साऱ्या मोळीवाल्या तिच्या शेजारी येऊन बसल्या होत्या.

तोवर आम्ही ग्रूपवाले सगळे व्हाकोआला राहायला आलो होतो; ही बातमी मला तिथल्या बाजारात कळली. संध्याकाळी दादा आणि तिझान माझ्या स्वयंपाकघरात आले, बाकीचे दारात उभे. शनिवारी हॉटेलात मोठा कार्यक्रम होता.

"मावशीनं पुजाऱ्याला बोलावलं," मी म्हटलं. "दुकानदाराला बोलावलं. नुव्हेल फ्रांसच्या बायांना निरोप धाडला. तुला बोलावलं का, दादा?"

"नाय."

"का नाय?"

दादानं चहाचा कप फिरवला. तिझान खिडकीबाहेर बघत क्रेओलमध्ये पुटपुटला की तांतीन, म्हणजे मावशी, आपल्याला विसरली असेल. मी म्हटलं, मावशी कुणाला विसरत नाही; ती जमेस धरत नाही. तिनं आपल्याला धरलेलंच नाही. हे बोलताना माझा आवाज चिरकला आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. ज्या बाईच्या कोयत्यावर आम्ही पहिला ताल धरला, तिच्या लढाईत आमची गणतीच नव्हती.

दादा उठला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्यानं हॉटेलला फोन लावला. आम्ही सगळे त्याच्या मागं. मॅनेजरनं विचारलं असावं की कुणी आजारी आहे का. "नाही," दादा क्रेओलमध्ये म्हणाला, "लाकूप आहे." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. दादानं सगळं ऐकून घेतलं, पुन्हा एकदा "लाकूप आहे" म्हणाला आणि फोन ठेवला. दुकानदारानं फोनचे पैसे घेतले नाहीत. तो मूळचा ग्रां बुआचा.

शनिवारी आम्ही बसनं गेलो. ग्रूपचे कपडे म्हणून आमच्याकडं तेवढेच होते, त्यामुळे आडव्या पावसात, चिखलात, पोपटी-नारिंगी फुलांचे शर्ट घालून आम्ही ग्रां बुआला उतरलो. बालांसच्या रस्त्यात उसाचं पाचट पसरून बाया बसल्या होत्या. त्यांच्या मागं भरलेल्या लॉऱ्यांची रांग उभी, आणि रांगेच्या शेवटी खेकडा, नांग्या जमिनीला टेकवून. चार-पाच पोलीस रबरी बूट घालून बाजूला उभे होते. आम्हाला पाहून बायांत खसखस पिकली. मावशी हसली नाही. मान कलती ठेवून ती आमचे शर्ट बघत राहिली.

आम्ही तयारी केली. दादानं ढोलकी घेतली, तिझाननं गिटार, मी झांजा. आणि आम्ही उभे राहिलो. कसे? अर्धगोल करून. कुणी ठरवलं नव्हतं, पाय आपोआप तिथं गेले. बायांकडं तोंड, छान अंतर सोडून, हसरे चेहरे. दादानं गाणं उचललं, जुनं, पहिलं, पूर्ण शब्दांसकट. बसमध्ये आम्ही ते आठवून आठवून जोडलं होतं. चांगलं गायलो आम्ही. संपलं तर टाळी नाही की काही नाही.

मग मावशी उठली. तिनं नाकावरचं फडकं खाली ओढलं, पायातला चिखल झटकला आणि चाल न सोडता, दादाच्याच गाण्याच्या चालीवर, सवाल टाकला.

अर्धा चांद करून आला, अर्धा कुणाला दिला?
पाठ दाखवता लाज वाटली, चेहरा कुणाला विकला?

झाकरीत सवाल-जवाब असतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. एक पार्टी सवाल टाकते, दुसरीनं त्याच चालीत जवाब द्यायचा. ग्रां बुआची मात्र एक स्वतःची रीत आहे, ती मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही. ढोलकीचा फेर पुरा होईपर्यंत जवाब आला नाही, तर ती पार्टी हरली. हरलेल्यांनी नाचायचं नाही, आपली गाणी म्हणायची नाहीत. जिंकलेल्यांच्या गोलात मध्यभागी बसायचं आणि त्यांच्यासाठी वाजवायचं. जिंकलेल्यांचा म्होरक्या हातावर साखर ठेवील तेव्हा सुटका. साखर मिळेपर्यंत हरलेल्यांची बारी, म्हणजे गाण्याची पाळी, त्यांची स्वतःची नसते. एरवी हा सगळा गमतीचा मामला असतो, पुढचं गाणं संपेपर्यंत साखर मिळून जाते.

दादा सवालाला जवाब द्यायचा तो ढोलकीवरची थाप विरायच्या आत. आम्ही त्याच्याकडं बघत होतो. फेर चालू होता, त्याचेच हात तो फेर वाजवत होते. त्यानं तोंड उघडलं. मला अजून तो क्षण दिसतो: पावसानं चिकटलेले केस, तो भयानक शर्ट, आणि उघडं तोंड. मला वाटतं जवाब त्याला सुचले होते, दोन-तीन तरी. एकही खरा नव्हता. फेर पुरा झाला. दादानं तोंड मिटलं, ढोलकी उचलली, आमच्या अर्ध्या चांदातून निघून बायांच्या मधोमध गेला आणि चिखलात मांडी घालून बसला.

माझ्या भावाला मी अनेक मंचांवर पाहिलं आहे. त्याच्यासाठी लोक ओरडलेत, त्याला खांद्यावर घेतलंय. पण त्याचा सगळ्यात जास्त अभिमान मला त्या बसण्याचा वाटतो. त्याच्यामागून तिझान गेला, मग मी, मग बाकीचे. बाया उठल्या. मावशीनं शेजारणीचा हात धरला, तिनं पुढचीचा, आणि आमच्याभोवती गोल बंद झाला. सगळ्यांची तोंडं आत. बाहेर पाठी: पोलिसांकडं, लॉऱ्यांकडं, कंपनीच्या साहेबाच्या बंगल्याकडं. इतकी वर्षं मी गोलात नाचले होते, पण पाठ दाखवणं हे एवढं मोठं बोलणं असतं हे मला त्या दिवशी चिखलात बसून कळलं.

मग त्या गायल्या आणि आम्ही वाजवलं. त्यांची गाणी तिथल्या तिथं जुळत होती. मुकादमावर एक, खेकड्यावर एक: नांगी आहे पण बांधायला बोट नाही असं काहीसं. आमचं गाणंही त्यांनी घेतलं, पण त्यांना हवं तसं वाकवून. तिझानला सुराची उंची सापडेना, तो म्हणाला, "आयो तांतीन, जरा खाली घ्या!" मावशी म्हणाली, "तू वर ये." आणि तो आला. बाया घरचे कोयते घेऊन आल्या होत्या, ते एकमेकांवर पडू लागले. पोलिसांतला एक जण बुटानं ताल धरताना मी स्वतः पाहिला.

रविवारीही हेच. सोमवारीही हेच, आणि मी त्या दिवशी शाळेत आजारी असल्याचं कळवलं. तोडलेल्या उसाचं एक असतं, तो थांबत नाही. लॉरीत पडून राहिला की आतला रस उतरत जातो, वास आंबट होतो. वाऱ्याबरोबर तो वास बंगल्यापर्यंत जात होता आणि गोल काही सुटत नव्हता. बाया पाळीपाळीनं जेवायच्या, गोल तसाच. शेवटी ताब्लिस्मांचा मोठा साहेब छत्री घेऊन स्वतः आला. मुकादमाला नाही पाठवलं, स्वतः आला. मावशीनं त्याला लगेच बोलू दिलं नाही. कडवं पुरं झाल्यावर तिनं हात वर केला, आम्ही थांबलो आणि मग ती म्हणाली, "बोला मिस्ये. लांबून नको. इथं या."

तो आला. चिखलातून चालत गोलापर्यंत आला आणि तिथं उभं राहून त्यानं सांगितलं की जिला काम हवं तिला काम मिळेल, ह्या हंगामात आणि पुढच्याही. खेकडा राहील, पण वरच्या मोठ्या शेतांत. खालची दगडगोट्यांची शेतं बायांची. मावशीनं मागं वळून साऱ्यांकडं पाहिलं, मग मान हलवली. कुणी जयजयकार केला नाही. लॉऱ्या आधी जाऊ द्या म्हणून बाया बाजूला झाल्या, आणि त्यांतल्या निम्म्या तशाच शेताकडं वळल्या, दिवस थोडा उरला होता म्हणून.

यंत्रं पुढं आलीच. आज तर तोडणीही यंत्रच करतं. कुणी मला म्हणतं की मग काय मिळवलं तुम्ही? मला अशा माणसांचा राग येतो. मावशीनं त्यानंतर जितकी वर्षं मनात होती तितकी काम केलं आणि ज्या दिवशी नको वाटलं त्या दिवशी कोयता टांगला. कुणी लांबून हात करून तिला घालवलं नाही. हे ज्यांना थोडं वाटतं त्यांनी एकदा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चालून बघावं.

तर आमची साखर. दुसऱ्याच दिवशी दादा हात पुढं करून मावशीच्या दारात. "मावशी, झालं ना सगळं. दे आता साखर, सोडव आमाला."

"साखर गिरनीत हाय," मावशी म्हणाली. "लाकूप संपू दे."

लाकूप संपली. दादा पुन्हा गेला. "पुढल्या लाकूपला बघू," असं म्हणून तिनं त्याला जेवायला वाढलं. हॉटेलनं दुसरा ग्रूप घेतला होता, ते बरंच झालं, कारण आम्हाला आमची बारी नव्हती. दर शनिवारी मावशी सांगेल तिथं आम्ही जायचं: कुठं बायांचा पाण्यासाठी मोर्चा, कुठं वस्तीतल्या लोकांना उठवत होते तिथं. बाया गोल धरायच्या, आम्ही मध्ये. दादानं पुन्हा लिहायला घेतलं, पण आता आधी बायांना ऐकवावं लागे, आणि त्यांना पटलं नाही तर त्या गात नसत. बिचाऱ्यानं आयुष्यात एवढी खाडाखोड केली नव्हती. आमची सगळी चांगली गाणी, त्या कॅसेटवरचीसुद्धा, ह्या बंदिवासातली आहेत.

दोन-तीन हंगाम असेच गेले. मग एका दुपारी राजधानीतून एक अधिकारी आला. टाय, पॉलिश केलेले बूट, सरकारी गाडी. आम्ही मावशीच्या पायरीवर बसलो होतो. मोठा सरकारी समारंभ होता, टीव्हीवर दिसणार होता, आणि त्यांना 'कोयता' हवा होता. त्यानं आमची फार स्तुती केली. देशाचा ठेवा वगैरे. दादानं सगळं ऐकून घेतलं.

"आमी हरलेली पार्टी हाव, मिस्ये," तो म्हणाला. "आमची बारी आमच्या हातात नाय."

"मग कुणाच्या हातात आहे?"

मावशी कामाला होती त्या खालच्या शेताकडं दादानं बोट केलं. अधिकाऱ्याला वाटलं गंमत चालली आहे. तिझाननं गंभीर चेहऱ्यानं त्याला पायवाट दाखवली. तो गेला. आम्हाला वरून त्याचं डोकं तेवढं उसातून सरकताना दिसत होतं. मग तेही दिसेना. बराच वेळ गेला. कोयत्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. तो परत आला तेव्हा गालावर पानाचा ओरखडा होता, बूट चिखलात पार गेले होते आणि टाय त्यानं काढून खिशात कोंबला होता.

"मी तिला सगळं समजावून सांगितलं," तो म्हणाला. "टीव्हीचंही सांगितलं. ती म्हणते, त्या दिवशी नुव्हेल फ्रांसला बाया बसणार आहेत. ती म्हणते, तिचे वाजवणारे तिला लागतात."

दादानं पायावर पाय टाकला.

"मग नाय," तो म्हणाला.